'काढून टाक' म्हणण्याआधी...

बर्‍याच महिन्यांनी लिहायला बसलेय. या विषयावर लिहायचं नाही असंच ठरवलं होतं, कारण विषय 'तसला' आहे. आमच्याकडे तो स्वयंपाकघरात, आणि तोही आवाज खाली आणून बोलतात. पण मागच्या महिन्यात घरच्याच एका बारशात पाच-सहा जणींनी मिळून माझा निकाल लावून टाकला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते उतरवल्याशिवाय चैन पडेना.

झालं असं. रात्री नऊला माझ्या मोबाइलचा गजर वाजतो, तसा वाजला. मी पर्समधून गोळी काढली. पंगतीत शेजारी मामी होत्या.

"कसली गं गोळी?"

"हार्मोनची. एंडोमेट्रिओसिससाठी."

"किती दिवस घ्यायची?"

"सध्या तरी चालूच राहील."

"अगं बाई! रोज हार्मोन? जन्मभर गोळ्या खात बसणारेस का? एक लेकरू झालंय, आता काय करायचीय ती पिशवी ठेवून? काढून टाक की. कटकट मिटंल."

मग एकेकीची साक्ष झाली. अमकीने पस्तिशीत काढली, तमकीने बत्तिशीत. एकीने तर उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून घेतली, म्हणजे मुलांच्या शाळेचा खोळंबा नको. हार्मोनच्या गोळ्यांनी मात्र वजन वाढतं, मिशा येतात, कॅन्सर होतो, असं सगळ्यांचं एकमत. एक अवयव कापून काढायला कुणाची हरकत नव्हती, हरकत गोळीला होती!

माझा राग या बायकांवर नाही, हे आधीच सांगते. (मामी, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. बासुंदी फक्कड झाली होती.) माझा राग 'काढून टाक' या दोन शब्दांवर आहे. आमच्या जिल्ह्यात ते इतके सोपे झालेत की दात काढण्याआधी सुद्धा बाई याहून जास्त विचार करते.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण नाव ऐकूनच निम्मे लोक पुढे वाचायचं सोडतात. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत बाहेर पडतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. बीजकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. पाळीच्या हार्मोन्सना त्याही दाद देतात, पण त्यांना बाहेर पडायला वाट नसते. मग सूज, चिकटलेले अवयव, आणि वेदना. बीजकोशात जुनं रक्त साठून गाठ झाली तर तिला म्हणतात चॉकलेट सिस्ट. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कुणी दिलं कोण जाणे.

हा काही दुर्मिळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना तो आहे. आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात. मला सोळा वर्षं लागली. दहावीत असताना पहिल्यांदा बाकावर डोकं ठेवून रडले होते, तेव्हा "सगळ्यांनाच दुखतं" असं उत्तर मिळालं. मग "लग्न झालं की थांबेल." मग "मूल झालं की थांबेल." दोन्ही झालं, थांबलं काही नाही. दोनदा सोनोग्राफी 'नॉर्मल' आली. आता कळतं की पडद्यावर पसरलेला आजार साध्या सोनोग्राफीत दिसत नाही, त्यामुळे 'नॉर्मल'चा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. तिसर्‍या वेळी डाव्या बीजकोशात गाठ दिसली आणि माझ्या दुखण्याला नाव मिळालं.

आणि नाव मिळाल्यावर चौथ्या मिनिटाला सल्लाही मिळाला. "एक मूल आहे ना? मग पिशवी काढून टाकू." दवाखान्याचं नाव घेत नाही, मुद्दा एका दवाखान्याचा नाहीच. त्या चार मिनिटांत 'गोळ्या' हा शब्द आला नाही, 'बीजकोश ठेवायचे की काढायचे' हा प्रश्न आला नाही, आणि माझं वय तेव्हा ३१ होतं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याबद्दल. २०१९ साली बीडचं नाव देशभर गाजलं ते आठवत असेल. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात अशा बातम्या आल्या. विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, तेव्हा बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. मग नीलम गोर्‍हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचं हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता असं मी म्हणत नाही. कुणाला अंगावरून पांढरं जात होतं, कुणाला जास्त रक्तस्राव होता, कुणाला "ठेवली तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली होती. पण पद्धत तीच. तक्रार कुठलीही असो, उत्तर एकच.

हे उत्तर इतकं पटकन का पटतं, तेही गेवराईच्या माणसाला सांगायला नको. दिवाळी झाली की तालुक्यातली गावं रिकामी होतात. शाळेत पोरं आज्यांजवळ राहतात नाहीतर फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि एक खाडा पडला की दंड. फडात ना संडास, ना आडोसा, ना पाण्याची सोय. तिथे पाळीचे चार दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. अशा बाईला कुणी म्हटलं की एकदाच कापून टाकू, पुन्हा त्रास नाही, तर ती 'हो' म्हणणारच. तिच्या त्या 'हो'ला मी निवड म्हणत नाही. दुसरा रस्ताच दाखवला नाही तर निवड कसली?

पण फडावर न जाणार्‍या, पंगतीत बसून बासुंदी खाणार्‍या आम्ही? आम्हाला कुठला मुकादम आहे? तरी आमचं उत्तर तेच. संपूर्ण जिल्ह्याची सवय होऊन बसलीय ती.

आता मुख्य गोष्ट, जी त्या चार मिनिटांत मला कुणी सांगितली नाही. एंडोमेट्रिओसिसची व्याख्याच मुळी 'गर्भाशयाबाहेर' अशी आहे. मग गर्भाशय काढून तो जाईल कसा? आतड्यावर, पडद्यावर जे रुजलंय ते तिथेच राहतं. बीजकोश ठेवले तर त्यांचे हार्मोन त्याला खतपाणी घालत राहतात, दुखणं परत येऊ शकतं. बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. आणि मग ते भरून काढायला डॉक्टर काय देतात? हार्मोनच्या गोळ्या! म्हणजे ज्या गोळीला घाबरून पोट कापून घेतलं, तीच शेवटी हातात.

युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये या आजाराची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात गर्भाशय काढण्याचा विचार कधी करावा, तर जिला पुढे मूल नको आहे आणि बाकीच्या उपायांनी जिला गुण आला नाही तिच्याबाबतीत. तेव्हाही तिला सांगायचं की याने आजार पूर्ण जाईलच असं नाही. आणखी एक गोष्ट त्यात आहे, तमाम आत्या-मावश्यांनी लिहून ठेवावी अशी: आजार बरा व्हावा एवढ्यासाठी कुणाला 'मूल होऊ दे' असा सल्ला देऊ नये.

बरं, आता त्या बदनाम हार्मोनकडे येते. एक प्रश्न विचारते, रागावू नका. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला, लेकीच्या लग्नात पाळी 'आड येऊ नये' म्हणून आपण मेडिकलमधून जी गोळी आणतो, ती काय असते? नॉरएथिस्टेरोन. हार्मोनच! चिठ्ठी नाही, तपासणी नाही, रक्तदाब किती, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास आहे का, काही विचारायचं नाही. जावेने दिली, घेतली. हेच औषध एंडोमेट्रिओसिससाठीही वापरतात. म्हणजे देवासाठी हार्मोन चालतो आणि बाईच्या पोटात दुखतं म्हणून तोच हार्मोन घेतला की कॅन्सर होतो? हा कुठला न्याय?

आणि या गोळ्या निर्धोक आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. प्रत्येकीची काही किंमत मोजावी लागते. मी डॉक्टर नाही, पण संभाजीनगरला एका डॉक्टरबाईंनी पाऊण तास बसवून मला हे समजावलं, आणि पुढे मी जे वाचलं, ते असं.

साध्या संततिनियमनाच्या गोळ्या, म्हणजे माला-डीच्या जातीच्या. स्वस्त, सगळीकडे मिळतात, पाळीतलं दुखणं कमी करतात. पण उच्च रक्तदाब, गुठळ्यांचा त्रास, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर चालत नाहीत. मला अर्धशिशी आहे, म्हणून हा रस्ता बंद.

नुसत्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या, म्हणजे नॉरएथिस्टेरोन किंवा डायनोजेस्ट. यात बहुतेकींची पाळी हळूहळू बंद होते. पहिले काही महिने अधूनमधून डाग, डोकेदुखी, कधी मन उदास होणं.

तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने मिळतं ते, २०१७ पासून, फुकट. देतात ते संततिनियमनासाठी, पण त्यातलं औषध या वेदनेवरही वापरलं जातं. दीर्घकाळ घेतलं तर हाडांची घनता कमी होते, आणि सोडल्यावर पाळी व गर्भधारणा पूर्ववत व्हायला बरेच महिने जातात. ज्यांना लवकर मूल हवंय त्यांच्या कामाचं नाही.

हार्मोनची तांबी. पिशवीत बसवतात, पाच वर्षं तरी काम करते, रोजची आठवण नको. पण तिचा परिणाम मुख्यतः पिशवीपाशी; बीजकोशाचं काम बहुतेकींमध्ये चालूच राहतं.

शेवटचं म्हणजे मेंदूकडून येणारा हुकूमच बंद करणारी इंजेक्शनं, ल्युप्रोलाइड वगैरे. परिणाम जोरदार, पण काही काळासाठी पाळी गेल्यासारखंच सगळं. म्हणून ती बहुधा थोडे महिनेच देतात, आणि हाडांसाठी सोबत थोडा हार्मोन परत देतात. आणि मिशा? ती भीती डॅनाझॉल या जुन्या औषधाची. १९७० च्या दशकात ते आलं, त्याने खरोखर चेहर्‍यावर केस यायचे, आवाज जाड व्हायचा. आता ते क्वचितच देतात. आमच्या पंगतीतली भीती चाळीस-पन्नास वर्षं जुनी आहे!

यातलं कुठलंही औषध आजार मुळापासून काढत नाही. ते त्याला झोपवून ठेवतं. सोडलं की बर्‍याच जणींचं दुखणं परत येतं. आणि हे चालू असताना मूल होत नाही, म्हणून ज्यांना मूल हवंय त्यांचा हिशेब सगळाच वेगळा. तिथे दुर्बिणीने गाठ काढणं, वंध्यत्वावरचे उपचार, असा विचार करावा लागतो.

मी डायनोजेस्ट निवडलं. का? अर्धशिशी आहे, दुसर्‍या मुलाचा विचार अजून पुरता सोडलेला नाही, आणि हाडांची काळजी आहे म्हणून. चौदा महिने झाले. पहिले चार महिने डागांनी जीव नकोसा केला. दोन महिने उगाचच रडू यायचं, ते मी डॉक्टरबाईंना सांगितलं, त्यांनी 'थांबवायचं का' असं विचारलं, आम्ही मिळून ठरवलं आणखी थोडं बघू. ते ओसरलं. आता महिन्यातले चार दिवस मी भिंतीला धरून चालत नाही. गोळी कधी गेवराईत मिळते, कधी बीडहून मागवावी लागते. पुढच्या वर्षी कदाचित मी दुसरं काही निवडेन. कदाचित एक दिवस पिशवी काढायचं सुद्धा ठरवेन! पण ते मी ठरवेन, सगळं ऐकून.

आता माझ्यावर येणारे आक्षेप, तेही खरेच आहेत.

पहिला: "तुझं ठीक आहे गं, पगार आहे. कोयत्यावरची बाई महिन्याच्या महिन्याला गोळ्या कुठून आणेल? तपासायला कशी येईल?" बरोबर आहे. पण हा आक्षेप गोळीवर नाही, व्यवस्थेवर आहे. ऑपरेशनसाठी ती व्याजाने पैसे काढते, ते चालतं? माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट असते, अंतरा फुकट असतं. ज्यांना चालेल त्यांना तपासून, फडावर जाताना पुरेल इतकं हातात देणं अशक्य आहे का? 'त्या बायका नीट गोळ्या घेत नाहीत' म्हणणार्‍यांनी त्यांना एकदा तरी नीट समजावून पाहिलंय का?

दुसरा: "मी काढली, मला बरं वाटलं." वाटलं असेल, आणि त्याचा मला आनंदच आहे. सगळ्याच पिशव्या उगाच काढल्या जात नाहीत. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्त थांबत नसेल, किंवा अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे आजार पिशवीच्या भिंतीतच असेल, तर काढणं योग्य ठरू शकतं. माझं म्हणणं शस्त्रक्रियेविरुद्ध नाही. शेवटचा उपाय पहिला होण्याविरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण असतो: घरच्यांनी ठरवलं की झालं, बाईने कशाला एवढं विचारायचं? तर ऐका. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री तपासणीसाठी दुर्बिणीच्या टेबलावर बेशुद्ध होती. डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिस दिसला. बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांनी तिची पिशवी आणि बीजकोश काढले. १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जिवावर बेतलेलं नसताना शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही. भरपाई मिळाली २५ हजार. रक्कम किती तुटपुंजी ते जाऊ द्या, तत्त्व पाहा. जन्मदात्या आईची सही चालत नाही, तिथे पंगतीतल्या ठरावाची काय कथा?

आणि ५ एप्रिल २०२३ ला त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक गर्भाशय काढणं रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. कागदावर सगळं आहे. पण कागद चार मिनिटांच्या तपासणीत आपोआप येऊन बसत नाही, तिथे आपल्यालाच बोलावं लागतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. उद्या आपल्यापैकी कुणाला 'काढून टाकू' असं सांगितलं गेलं, तर तिच्यासोबत जा आणि चार प्रश्न विचारा. आजार नेमका कुठला? आधी औषधांनी पाहता येईल का, आणि त्यांचे त्रास काय? काढलीच तर बीजकोश राहणार की जाणार? आणि आठ दिवस थांबलो, दुसर्‍या डॉक्टरांना विचारलं, तर काही बिघडेल का? ज्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येईल, तिथून उठून या.

परवा माझी लेक विचारत होती, "मम्मी, मला पण दुखणार का?" नऊ वर्षांची आहे. मी म्हटलं, "माहीत नाही. पण दुखलं तर लगेच सांग. सगळ्यांनाच दुखतं असं मी म्हणणार नाही."

असो. फारच लांबलं. मामी, दिवाळीला येतेच आहे. गोळी नऊलाच घेईन, तुमच्यासमोरच. :)